दहापैकी नऊ

५ जानेवारी, रविवार

नवीन वही. कंपनीची डायरी यंदा मला मिळाली नाही, सेल्सवाल्यांना मात्र दोन-दोन. जाऊ द्या. ही वही कुणी वाचायची नाही. वाचणारं माणूस सध्या घरात नाहीच. बेबी तीर्थपुरीला भावाकडे गेली आहे. दिवाळीपासून. हवापालट.

आजपासून ग्रुप थेरपी. मला गरज आहे म्हणून नव्हे. अक्षताची अट आहे. अक्षता आमची मुलगी, पुण्यात नोकरीला असते आणि आमचं घर तिथून फोनवर चालवते. तिने तोडगा काढला की पप्पांनी नऊ रविवार ग्रुपला जायचं. शेवटच्या रविवारी घरच्यांना बोलावतात, तेव्हा मम्मी येऊन बघेल. पप्पा बदललेत असं वाटलं तर ती घरी येईल. बेबी हो म्हणाली. म्हणजे यायचंच आहे तिला. नुसतं निमित्त हवंय.

बेबीची तक्रार एकच. माझ्याशी बोलता येत नाही. आता ही तक्रार ती माझ्याशी बोलूनच करते की नाही? मग?

खरं तर सासूबाई गेल्या ते तिने मनाला लावून घेतलंय. रडत रडत सांगत होती की मंगळवारी पहाटे आईने माझा हात धरला आणि... मी एवढंच म्हणालो, मंगळवार नव्हे, सोमवार. तिथून तिने बोलायचंच बंद केलं. मी कॅलेंडर काढून बघितलं. सोमवारच होता.

जागा नवीन जालन्यात, स्टेशनकडे, एका बँकेच्या वरचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. चहा बरा. दहापैकी सहा.

१२ जानेवारी, रविवार

मागच्या वेळी नुसती ओळख झाली. आज काम सुरू. प्रीती मॅडम घेतात, वयाने अक्षताएवढ्या. त्यांची बदल मोजायची पद्धत अशी की दर रविवारी प्रत्येकाने स्वतःला दहापैकी मार्क द्यायचे. प्रश्न एकच: घरच्या माणसाला माझ्याशी बोलणं किती सोपं जातं?

लतीफभाईंनी स्वतःला दोन दिले. जुन्या जालन्यात त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे. आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जातो. मुलगा शाहरुख एकाच घरात राहून त्यांच्याशी बोलत नाही. भुजंगराव हे रिटायर्ड गुरुजी. बायको वारल्यापासून त्यांनी तोंडच उघडलेलं नाही. सून प्रिया त्यांना स्कूटीवर आणून सोडते आणि खाली थांबते. त्यांनी नुसती मूठ दाखवली. म्हणजे शून्य. बाकी पाच जणांचे तीन ते पाचच्या मध्ये.

मी नऊ दिले. दहा दिले असते, पण गर्व दिसतो.

१५ जानेवारी, बुधवार

आज लॅबमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रीती मॅडमची पद्धत साफ चुकीची आहे! मी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासतो, उभा जन्म त्यात गेला. बियाणं पिकवणाऱ्याने स्वतःच्या लॉटला स्वतःच मार्क दिले तर चालेल का? त्यासाठी तर आम्ही आहोत. बी ओल्या कागदात गुंडाळायचं, मशीनमध्ये ठेवायचं, ठरलेल्या दिवशी उघडून मोजायचं. किती रोपं चांगली, किती वाकडी, किती बी मेलेलं. शिवाय एक हार्ड सीड असतं, जिवंत असून पाणीच घेत नाही. एवढे चार प्रकार. माणसं काही वेगळी नसतात.

ठरलं. ग्रुपचा बदल मी मोजणार. मॅडमना सांगायचं नाही, रिपोर्ट एकदम हातात द्यायचा. बेबी येईल तेव्हा तिलाही दिसेल की हा माणूस नुसता बसून नव्हता, कामाला आला.

पहिली वर्गवारी: लतीफभाई वाकडं रोप. भुजंगराव मेलेलं बी. (वाईट वाटतं. पण लॅबमध्ये वाईट वाटून चालत नाही.)

१९ जानेवारी, रविवार

आज मोजणी. कोण कितीदा मध्ये बोलतं, कुणाचा आवाज चढतो, कोण डोळे पुसतं. मोजताना कोण काय बोललं ते ऐकायचं राहून जातं, पण त्याला इलाज नाही.

मॅडमनी विचारलं की राजानंद सर, दोन्ही आठवडे तुमचं नऊच? मी समजावून सांगितलं. आमच्याकडे नवीन वाणाची ट्रायल घेतात तेव्हा शेजारी एक जुनं, ठरलेलं वाण लावतात. त्याला चेक म्हणतात. नवीन वाण किती सरस निघालं, ते चेकशी ताडून ठरतं. चेक बदलला तर सगळी ट्रायल वाया. या ग्रुपमध्ये कुणीतरी चेक पाहिजे ना? तो मी.

मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. पटलेलं दिसलं.

२३ जानेवारी, गुरुवार

बेबीला फोन. गुरुवार हा आमचा फोनचा वार, अक्षतानेच ठरवून दिलाय. बेबी तिथे बायकांच्या गटात शाळेचे गणवेश शिवायला लागली म्हणे. छान. वेळ जातो. मी विचारलं, शिलाई सरळ येते का? तुझी डावीकडे जाते. ती म्हणाली, ठेवते आता.

रेंज नसेल.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून ग्रुपला.

लतीफभाईंचा आकडा घसरला! दोनवरून एक. मला मनापासून वाईट वाटलं, माझा सगळ्यात आशेचा लॉट. ते म्हणाले, "पैले दो बोल्लो तेव्हा मला मालूमच न्हवतं मी किती चिल्लावतो ते. आता मोजून राह्यलो. शाहरुखच्या अम्मीला विचारलं. ती रोने लगी." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच. मॅडमचं म्हणणं की कधीकधी आकडा खाली येणं हाच बदल असतो.

याला काय अर्थ आहे? उद्या मी लॉट पन्नास टक्क्यांवर आणून ठेवला तर कंपनी टाळ्या वाजवेल का?

२ फेब्रुवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस. भुजंगराव बोलले!

त्यांनी खाली बघत सांगितलं, "सून ताटात वाढून राह्यती. मी बस म्हणत न्हाई. मंग ती वाढतच जाती. मला तेवढं जात न्हाई, पण बस म्हणायला तोंड उघडावं लागतं. ही असती तर तिला न बोलता कळलं असतं." दोघातिघांचे डोळे भरून आले. मी ताबडतोब वर्गवारी बदलली. मेलेलं बी नव्हे, हार्ड सीड! आमच्या लॅबमध्ये अशी चूक नवीन पोरं करतात. मला माझाच राग आला. निदान नोंद तरी पक्की असावी म्हणून विचारलं, गुरुजी, अंदाजे किती महिन्यांनी बोललात?

ते परत गप्प झाले.

लतीफभाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून चांगलाच दाबला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, आता चूप बसा." हळू आवाजात! लतीफभाई! त्यांची प्रगती उत्तम. गुडघा दुखतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज फोनवर बेबी बोलली. आपणहून. कालपरवा तिला आईची साडी सापडली, भावाच्या, देवानंदच्या ट्रंकेत. निळी. तिचा वास तसाच आहे म्हणाली. ती नेसून विहारात गेली, तर म्हाताऱ्या बायांना वाटलं आईच आली. एकजण तिच्या गळ्यात पडून रडली. बेबीही रडत होती, पण बोलत होती. मी हुं हुं करत होतो. मध्ये बोलायचं नाही हे ग्रुपमध्ये शिकवलंय ना. एका डोळ्याने घड्याळ बघत होतो. दर गुरुवारी फोन दीड मिनिटाचा असतो. आज दहा मिनिटं झाली. मग अकरा. मला इतका आनंद झाला की राहवेना. म्हणालो, बेबी! अकरा मिनिटं! रेकॉर्ड!

फोन बंद झाला. परत लावला, उचलला नाही.

तरी अकरा ती अकरा. ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मागचा रविवार सर्दीत गेला, जाता आलं नाही. ट्रायलमध्ये एक रीडिंग हुकलं. रुखरुख लागली.

आज मॅडमनी गृहपाठ दिला. घरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर नुसतं ऐकायचं. मत द्यायचं नाही, सुधारायचं नाही, मोजायचं नाही. शेवटचं बोलताना माझ्याकडे का बघत होत्या कळलं नाही.

घरी माणूस नाही. मग गृहपाठ कुणावर करणार? भिंतीसमोर खुर्ची ठेवून सराव केला. भिंतीला विचारलं, कशी आहेस? आणि गप्प बसलो. जमलं. अवघड काही नाही त्यात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बेबीच्या फोनवर गणवेशवाल्या बायकांचा गलका. नंतर बोलते म्हणाली. बोलली नाही. कामात असेल.

इकडे तयारी जोरात. स्वयंपाकघराला रंग दिला, तिला आवडतो तसा फिक्का पिवळा. पहिल्या हातात गडद झाला, दुसऱ्यात आणखी गडद. कुकरची रिंग बदलली. तिची चादर धुतली, तर रंग गेला. नवीन आणली. रिपोर्टचा फ्लेक्स छापायला टाकला. सगळ्यांची प्रगती रेघांनी दाखवलेली, खाली नावं. रंगीत. मॅडम खूश होतील.

२३ फेब्रुवारी, रविवार

मॅडमनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, राजानंद सर, तुम्ही सगळ्यांबद्दल बोलता, पण स्वतःबद्दल अजून एक वाक्य बोलला नाहीत. ताई पुढच्या रविवारी येणार आहेत, तुम्हाला भीती वाटते का? मी हसलो. भीती कसली? बायको आहे माझी.

खाली उतरलो तर प्रिया स्कूटीवर सासऱ्यांची वाट बघत होती. सांगत होती की काल भुजंगराव 'बस' म्हणाले. नुसतं बस. तिने ताट तिथेच ठेवलं आणि आत जाऊन रडून घेतलं. मला सांगतानाही तिचे डोळे पाण्याने भरले.

ही नोंद फ्लेक्सवर यायची राहिली. चुटपुट.

१ मार्च, शनिवार

देवानंदला फोन केला. सकाळच्या बसने दोघं निघतील. म्हटलं, बेबीची बॅग घेऊन या, तिथून थेट घरी जाऊ, जेवण इथेच. तो म्हणाला, "दाजी, ताई म्हणून राह्यली, बॅग कशाला." बरोबरच आहे. तिचे कपडे इथे कपाटात आहेतच की. शहाणी आहे बेबी.

वांगी आणली, शेंगदाण्याचं कूट केलं. भाकरी जमत नाही, शेजारच्या वहिनींना सांगून ठेवली, तीन लोकांची. उद्याचा प्लॅन: कमी बोलायचं. मध्ये बोलायचं नाही. वार, तारीख, शिलाई यातलं काही काढायचं नाही.

रात्री छान झोप लागेल.

२ मार्च, रविवार, सकाळी ७

झोप लागली नाही. चुन्याचा वास येतोय. पिवळा फारच झालाय, पण तिला कळणार नाही. कळेल. कळू दे. कळून मला बोलली तरी बरंच.

२ मार्च, रविवार, दुपारी ४

लिहून टाकतो.

बेबी आली. निळी साडी नेसून आली होती. वाळलीय, पण बरी दिसत होती. माझ्यापेक्षा बरी. देवानंद दाराशी बसला. हातात कुणाच्याच काही नव्हतं.

मी लवकर जाऊन फ्लेक्स लावून ठेवला होता. मॅडम आल्या, वाचला, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, सर, इथलं इथेच राहील असं आपण पहिल्याच दिवशी ठरवलं होतं ना. लोकांची नावं आहेत. असं काही ठरलं होतं खरं. मी त्या वेळी चहाला मार्क देत असेन. त्या गुंडाळायला लागल्या, तेवढ्यात बेबी जवळ गेली. रेघांवरून बोट फिरवत विचारलं, "यात तुमची रेघ कोणती?" मी दाखवली. सगळ्यात वर, सरळ. ती म्हणाली, "ही तर हाय तशीच हाय." मी म्हणालो, हो, चेक आहे तो. तिने मान हलवली.

मग खुर्च्या समोरासमोर. नियम: घरच्या माणसाने बोलायचं, आपण ऐकायचं. संपल्यावर काय ऐकलं ते सांगायचं.

शाहरुख बापाला वाट्टेल ते बोलला. रमजानचा पहिला रोजा, लतीफभाईंच्या तोंडाला कोरड, कपाळावर घाम. ऐकून घेतलं सगळं. शेवटी म्हणाले, "तू बोल्ला की मी तुला गिऱ्हाइकासमोर गधा बोल्लो, आणि तू त्या दिवशी जेवला न्हाईस. बराबर ऐकलं का मी?" शाहरुखने बापाचा हात धरला.

मग आम्ही.

बेबी म्हणाली, "घरात मला रोज पेपर दिल्यासारखं वाटायचं. भाजी केली, मार्क. बोलले, मार्क. आई गेली तेव्हा मला वार नव्हता पाहिजे. तुम्ही जवळ बसला असता तरी झालं असतं. तिकडं मी वाकडी शिलाई मारते, बाया हसतात, मी पण हसते. मला लई दिवसांनी हसू आलं." आणखीही बोलली. मी गच्च गप्प होतो. एकदाही मध्ये बोललो नाही. तिचा आवाज कुठेच थरथरला नाही. डोळे पुसले नाहीत. सलग बोलली, न अडखळता. आख्ख्या ग्रुपमध्ये असं कुणी बोललं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला.

मॅडम म्हणाल्या, सर, काय ऐकलंत?

मी म्हणालो, छान बोललीस बेबी. नऊ.

लतीफभाईंनी डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडून काय गेलं ते मला कळलं, पण तेव्हा ते गेलं होतं.

बेबी हसली. रागाने नाही. रागाने हसली असती तर बरं झालं असतं. मॅडमना म्हणाली, "लई कोशिश केली यांनी, मी पाहून राह्यले. वाईट मानूस न्हाईत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण मी तिकडंच राहते."

मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "दिवस मोजू नका."

बसस्टँडवर सोडायला गेलो. जेवायला या म्हटलं. देवानंद म्हणाला, बस निघून जाईल. ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, तुरीच्या डाळीला ऊन दाखवा, किडे होतील. मी म्हणालो बरं. मला म्हणायचं होतं की बेबी, उतर. म्हणायचं होतं, सोमवार असो की मंगळवार, मी चुकलो. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली, मी बाजूला झालो.

तीन लोकांच्या भाकरी आल्या आहेत. झाकून ठेवल्या.

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी बेबीला फोन लावला. लावावा की नाही ठरत नव्हतं, पण गुरुवार होता. तिने उचलला. म्हणाली, थांबा दोन मिनिटं, ताटं वाढून राह्यले. फोन तसाच कुठेतरी ठेवला आणि विसरली.

मी थांबलो. भांड्यांचा आवाज. देवानंदची पोरं आत्या, आत्या करत होती. बेबी कुणाला तरी रागावली आणि लगेच हसली. मग सांगायला लागली. गणवेशाच्या गटातल्या एका बाईने दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या शिवल्या, आणि ते पोरगं तसंच शाळेत गेलं. सगळे हसत होते. देवानंद घास तोंडात ठेवून हसत होता. एक संपलं की तिचं दुसरं सुरू. कुणी मध्ये विचारलं तर ती आणखी सांगायची. मीही एकदा हसलो इकडे.

माझं नाव निघालं नाही.

नंतर ताटं उचलली गेली. पाण्याचा आवाज आला, आणि कुणीतरी फोन बंद केला. मी तो कानालाच धरून होतो. बेबी जेवताना एवढं बोलते, हे मला माहीत नव्हतं.